नाक मोकळं असेल तर

फोनवरचा माणूस "म्हणजे बघा" असं म्हणाला आणि तिच्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली.

तोवर सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. विज्ञान संग्रहालयाच्या तळमजल्यावर, मोठ्या जिन्याच्या पोटात एक अरुंद खोली होती आणि तिथे तीन टेबलांवर तीन फोन होते. शहरातल्या कुणालाही कसलीही शंका आली की त्याने तो नंबर फिरवायचा आणि पलीकडून कुणीतरी त्याला समजेल असं उत्तर द्यायचं, अशी ती योजना. आकाशातलं सगळं तारेकाकांकडे. ते वेधशाळेतून निवृत्त होऊन इथे आले होते आणि ग्रहणाच्या आठवड्यात त्यांचा घसा बसायचा. किडे, पक्षी, झाडं-झुडपं पाखरूकडे. ही नुकती लागलेली मुलगी, खरं नाव कुणी वापरत नसे. उरलेलं सगळं, म्हणजे गंज, साबण, बर्फ, जांभई, कुबट टॉवेल, फुगलेला पाव, हे तिच्याकडे. तारेकाका त्याला उरलंसुरलं खातं म्हणायचे. पण ही वाटणी कागदावरची. फोन काही प्रश्न वाचून वाजत नाही. ज्याचा मोकळा असेल त्याचा वाजायचा, आणि मग ज्याचं त्याच्याकडे वळवायचं. त्या खात्यात तिची बरीच वर्षं गेली होती आणि ती त्यात तरबेज होती. तरबेज म्हणजे उत्तरं पाठ होती म्हणून नव्हे. ती तर पाखरूलाही वर्षभरात पाठ होतील. ती ऐकून घ्यायची. बाथरूमचा आरसा का धूसर होतो असं विचारणाऱ्याला खरं तर भिंतीला आलेली ओल आपल्या चुकीने आली का, हे विचारायचं असतं, आणि ते तो शेवटी विचारतो, तेही तुम्ही मध्ये बोलला नाहीत तर. नव्या माणसाला संचालक तिच्या शेजारी आणून बसवायचे आणि म्हणायचे, उत्तरं नंतर शिका, आधी यांचं गप्प बसणं शिका.

या माणसाने सुरुवात सरळ केली होती. सर्दी झाली की जेवणाची चव का जाते, असं त्याने विचारलं. तिने ठेवणीतलं उत्तर काढलं. चव जिभेची असं आपण म्हणतो, पण जीभ बिचारी फार थोडं जाणते, गोड, आंबट, खारट, कडू, आणखी एखाद-दुसरं. बाकी सगळी मजा नाकाची. खात्री करायची तर डोळे मिटून नाक चिमटीत धरा आणि कुणालातरी एकदा सफरचंदाची आणि एकदा कच्च्या बटाट्याची फोड भरवायला सांगा. इथे लोक हसतात. हा हसला नाही.

"आणि नाक मोकळं असेल तर?" त्याने विचारलं.

"मोकळं म्हणजे?"

"म्हणजे बघा, सर्दी नाही. श्वास नीट येतो-जातो. सगळं मोकळं आहे. आणि वास नाही."

घरी तो "म्हणजे बघ" म्हणतो. त्या एका जास्तीच्या कान्याने आवाज परका झाला होता, पण पुढचं सगळं त्याचंच होतं: शब्द खाली ठेवल्यासारखा मंद होत जाणारा स्वर, आणि त्यामागे घरघरणारा मोठा पंखा, मोठ्या पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज. हा तिचा नवरा होता. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून तो बोलत होता, जिथे तो मुख्य आचारी होता आणि जिथे सगळे त्याला मामा म्हणत. "कधीपासून?" तिने विचारलं. हे विचारायचं नसतं, तसा नियम आहे. थंडीत ताप येऊन गेला तेव्हापासून, तो म्हणाला. बाहेर आता खिडक्या उघड्या ठेवायचे दिवस आले होते. ती गप्प राहिली, आणि या वेळचं गप्प राहणं शिकवण्यासारखं नव्हतं. मग तिच्या तोंडून नियमातलं वाक्य बाहेर पडलं: आम्ही वैद्यकीय सल्ला देत नाही, कृपया डॉक्टरांना दाखवावं. दाखव नाही, दाखवा नाही, दाखवावं. कुणालाच न सांगितल्यासारखं.

"दाखवलंय. ते म्हणतात, वाट बघा. येईलही, येणारही नाही."

"बरं."

"एवढंच होतं. आभारी आहे, बाई."

फोन ठेवल्यावर तिने पेन्सिलीचं टोक पाहिलं, मोडलं नव्हतं. तारेकाकांनी चष्म्यावरून बघून कोण होता म्हणून विचारलं तेव्हा तिने सर्दीचा प्रश्न होता असं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. लगेच दुसरा फोन वाजला. मुंगी कितीही उंचावरून पडली तरी मरत नाही हे खरं का, असं एका मुलीला हवं होतं. मुंगी तिने पाखरूकडे वळवली.

संध्याकाळी ती बसने गेली नाही, चालत निघाली. त्याला माहीत होतं का, पलीकडे आपण आहोत ते? तीन फोन, कुणीही उचलला असता. पण तिचा आवाज त्याने ओळखला नसेल हे कसं शक्य आहे, तिने तर सफरचंद-बटाट्याचं सगळं पाल्हाळ लावलं होतं. म्हणजे ओळखला. ओळखून पुढे बोलला. बाई म्हणाला. आभार मानले. त्यांच्या संसारात आभार मानायची चाल नव्हती. कुणी पाणी दिलं तर घ्यायचं, भांडं परत द्यायचं. पदपथावर माणसं समोरून येत होती, ती त्यांना वाट देत होती, आणि तिच्या मनात सबंध थंडी उलटी उलगडत होती, विणलेलं काहीतरी एका धाग्याने उसवत जावं तशी. तापातून उठल्यावर तो बदलला होता, हे तिने पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं नाही. आधी तो कामावरून आला की दारातच तिच्या मानेशी नाक नेऊन आज कुठे होतीस ते सांगायचा. आज रसायनांच्या कपाटाजवळ होतीस, आज पाखरूने केळं सोललं तुझ्या टेबलावर, आज कुठे गेलीच नाहीस. बहुतेक वेळा बरोबर असायचं. तापानंतर ते थांबलं. तिने मनाशी म्हटलं होतं, चला, झालं, वय. पन्नाशी जवळ आलेल्या माणसांनी दारात उभं राहून काय माना हुंगायच्या. आणि आत कुठेतरी काहीतरी टोचलं होतं, त्याच्याकडे तिने लक्ष दिलं नव्हतं. मग तो जेवताना तिच्याकडे टक लावून बघायला लागला. घास तिच्या तोंडात जायचा आणि त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर असायचे, पोलिसासारखे. काय बघतोस, असं तिने एकदा विचारलंही. काही नाही, म्हणाला. तिला वाटलं, हा भांडण शोधतोय. मग साबण बदलला, दिवसातून दोनदा अंघोळ करायला लागला, शर्ट एकदा घातला की धुवायला. यावर तर तिने एक सिद्धान्तच उभा केला होता, ज्या सिद्धान्तात रुग्णालयातली कुणी एक नर्स होती, उंच, कमी बोलणारी. त्या नर्सला तिने कधी पाहिलं नव्हतं, कारण ती नव्हतीच. पण दोन महिने तिने तिच्याशी मनातल्या मनात उभा दावा मांडला होता. आता चालता चालता ती नर्स विरून गेली आणि तिच्या जागी एक माणूस उभा राहिला, ज्याला आपल्या अंगाला घामाची घाण येते की नाही हे कळत नव्हतं, म्हणून तो पुन्हा पुन्हा अंग धूत होता. पुरावा सगळा समोर होता. तिने तो नीट गोळा केला होता, ओळीने लावला होता, आणि त्यावरून चुकीचं उत्तर काढलं होतं. असं उत्तर पाखरूने दिलं असतं तर तिने तिला जवळ बसवून समजावलं असतं.

घरी तो ओट्याशी उभा होता. त्याला कामावरून आल्यावरही स्वयंपाक करायला आवडायचा, हात मोकळे होतात म्हणायचा. तव्यावर कांदा होता आणि तो पाठ करून पाव कापत होता. ती दारात उभी राहिली. आलीस का, त्याने न वळता विचारलं. हो. उशीर झाला. चालत आले. एवढंच. कांदा आता तांबूस झाला होता, कडा काळ्या पडायला लागल्या होत्या, आणि पुढे होऊन आच कमी करायला तिला दोन पावलं लागली असती. ती टाकली नाहीत. आपण हे काय करतोय हे तिला स्पष्ट कळत होतं. प्रयोग करतोय. कांद्याचा धूर आधी गोडसर येतो, मग कडू, मग घशात बसणारा. तो तिसरा आला तरी त्याची सुरी पावावर त्याच लयीत चालली होती. त्याच्या मानेचा मागचा भाग, कानामागचे पांढरे होत आलेले केस, खांद्यावर टाकलेलं फडकं. मग तो काहीतरी घ्यायला वळला आणि त्याची नजर तव्यावर गेलीच नाही, तिच्या चेहऱ्यावर आली.

"जळतंय का?" त्याने विचारलं.

 त्याने हात मागे नेऊन गॅस बंद केला, अजूनही तिच्याकडेच बघत.

"तुझ्या नाकपुड्या आखडल्या," तो म्हणाला. "दूध उतू जायच्या बेताला आलं की तुझं कपाळ आधी सांगतं. कचऱ्याची पिशवी बदलायला झाली की तू तोंडाने श्वास घेतेस. मला तुझ्यावरून कळतं सगळं. आज तू उभी राहून बघत होतीस, म्हणून उशीर झाला."

म्हणजे पोलिसासारखे डोळे म्हणजे हे होतं. ती खुर्चीवर बसली. तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं आणि तोंडातून आलं ते तक्रारीसारखं आलं: मला का नाही सांगितलंस, मी घरात नव्हते का, परक्या नंबरावर फोन करून बाई-बाई करतोस. तो पाव कापायला पुन्हा वळला, पण कापला नाही. दोनदा सांगितलं होतं, तो म्हणाला. एकदा तू म्हणालीस सर्दी आहे, जाईल. दुसऱ्यांदा तू चप्पल घालत होतीस, म्हणालीस नंतर बोलू. तिला दोन्ही आठवेनात. तिने आठवण्याचा प्रयत्न केला, चप्पल आठवली, दार आठवलं, तो काय म्हणत होता ते आठवलं नाही.

"तिथे तू शेवटपर्यंत ऐकून घेतेस," तो म्हणाला. "सगळे म्हणतात. मला वाटलं, बघू तरी कसं असतं ते. तू उचलशील असंही वाटत होतं, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर बरं असंही."

जळलेल्या कांद्यासह ते जेवले, म्हणजे ती हातातला पाव खाली ठेवून उठली आणि कांदा त्याने संपवला, त्याला काय फरक पडत होता. खरा वाद त्यानंतर झाला, आणि तो बारीक आवाजात झाला, कारण दोघांपैकी कुणाला आवाज चढवायची सवय नव्हती. रुग्णालयात कुणाला माहीत आहे, तिने विचारलं. कुणालाही नाही. मग चालतं कसं? चालतं, तो म्हणाला. इतक्या वर्षांत हाताला अंदाज असतो, डोळ्याला रंग कळतो, कानाला उकळी कळते; भाजी चिरणाऱ्या मावशींचं नाक तिखट आहे, त्यांच्यापुढे चमचा धरायचा, बघा हो मावशी कसं झालंय, म्हणायचं; त्यांना वाटतं, मामा मान देतात. आणि एखाद्या दिवशी मावशी नसल्या तर? तिथे आजारी माणसं जेवतात, ती म्हणाली, नुसती उपाशी माणसं नाहीत. ते मला सांगू नकोस, तो म्हणाला. मग म्हणाला की वास न येणारा आचारी म्हणजे कानाने बहिरा गवई. लोक टाळ्या वाजवतील, दया म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा बोलावतील. आणि मग मी काय करायचं, भांडी मोजायची? तू सांगणार आहेस का कुणाला? हे त्याने अगदी सहज विचारलं.  तिला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. दोन उत्तरं माहीत होती आणि दोन्ही खरी होती, आणि अशा वेळी काय करतात हे त्या जिन्याखालच्या खोलीत कुणी कधी विचारलं नव्हतं.

सकाळी कामावर आल्यावर तिने रुग्णालयाचा नंबर कागदावर लिहिला. त्यावर एकदा कपबशी ठेवली, मग उचलली, कागदावर गोल ओला डाग पडला. कुणाला विचारायचं, काय सांगायचं? मी अमक्याची बायको, त्याच्या नाकावर तुम्ही विसंबू नका? इतकी वर्षं त्याच नाकाच्या जिवावर तो तिथे उभा होता. तरुणपणी तो जेव्हा नुसता हाताखालचा माणूस होता तेव्हा आलेल्या दुधाच्या पिंपाजवळून जाताना थांबला होता आणि हे नको म्हणाला होता. वरिष्ठांनी वेड्यात काढलं, आणि दुपारपर्यंत ते दूध फाटलं. ही गोष्ट तो स्वतः सांगत नसे, मावशी सांगायच्या, दर वेळी पिंप मोठं होत जायचं. अशी एकच गोष्ट असते माणसापाशी. तारेकाका कुणालातरी चंद्र दिवसा का दिसतो ते समजावत होते, त्यांचा आवाज नेहमीसारखा गंभीर आणि आनंदी होता, आणि तिला त्यांचा हेवा वाटला. चंद्राला काही लपवायचं नसतं. इतक्यात तिचा फोन वाजला.

"बाई, एक प्रश्न होता," पलीकडून तो म्हणाला, आणि तिला लगेच कळलं की त्याच्या आजूबाजूला माणसं आहेत. "मासा ताजा आहे की नाही, हे वासाशिवाय कसं ओळखतात?"

डोळे बघायचे, ती म्हणाली, तिचा आवाज स्वतःहून कामाला लागला होता. डोळे चकचकीत आणि फुगीर हवेत, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर खळगा भरून यायला हवा. ते ठीक, तो म्हणाला, पण डोकं काढून तुकडे करून आलेला असेल तर? बर्फ अर्धं वितळलेलं असेल तर? मग खळगा भरतो की नाही तेवढंच उरतं, ती म्हणाली. काहींचा भरतो, काहींचा नाही, तो म्हणाला. मग आवाज खाली गेला.

"म्हणजे बघा, मावशी आज आल्या नाहीत. बाकीचे म्हणतात चांगलाय. पण दोघांना सर्दी आहे, आणि तिसरा मी हो म्हटलं की हो म्हणतो. आणि वर जेवण जायची वेळ होत आलीय."

"चढवू नका," ती म्हणाली. "मी येते."

"तुम्ही?"

"येते म्हटलं ना."

तिने पाखरूला दोन्ही फोन बघ म्हणून सांगितलं आणि निघाली. काय झालं, कुठे, हे तारेकाकांनी विचारेपर्यंत ती जिन्याबाहेर होती. रस्त्याने चालताना तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाटत होती, की आपलं नाक काही विशेष नाही. चांगलं नाक त्याचं होतं. त्याच्या शेजारी राहून तिने स्वतःचं कधी वापरलंच नव्हतं, जसं एकाला रस्ते माहीत असले की दुसरा खिडकीबाहेर बघत बसतो. रुग्णालयाच्या मागच्या दाराने ती आत शिरली. वाफ, लोखंडी मांडण्या, पांढऱ्या टोप्या. तिला बघून तो पुढे आला नाही, नुसता बाजूला झाला, आणि त्याच्या मागे बर्फाच्या पाण्यात तुकडे पडलेलं मोठं ताट होतं. ही कोण, असा प्रश्न दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर होता. विज्ञानवाल्या बाई आहेत, असं कुणीतरी कुजबुजलं, मामांनी बोलावलंय. ती वाकली. माशाचा वास आला; तो येणारच. बर्फाचा आला, साबणाचा, ताटाच्या धातूचा, तिच्या स्वतःच्या हाताला पेन्सिलीचा. त्याखाली आणखी एक काहीतरी होतं, बारीक, अमोनियासारखं, किंवा नव्हतं; फरशी पुसण्याच्या औषधाचं असेल. ती पुन्हा वाकली आणि या वेळी ते नव्हतं. तिसऱ्यांदा होतं. तिने मान वर केली तेव्हा तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, ज्या नजरेने सगळी थंडी बघत आला होता, आणि आपल्या चेहऱ्यावर त्याला वाचण्यासारखं काहीच नाही हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"मला कळत नाही," ती म्हणाली.

आयुष्यात ती किती लोकांना उत्तरं देत आली होती. हे वाक्य तिने त्यांतल्या कुणालाही म्हटलं असेल असं तिला आठवेना. बघून सांगते, असं म्हटलं होतं. त्याने मान हलवली, जणू त्याला एवढंच हवं होतं.

"टाकून द्या," तो आपल्या माणसांना म्हणाला. "अंडी उकडायला घ्या. वर कळवा, उशीर होतोय."

"मामा, चांगलेत की," त्यातला एक म्हणाला. "एवढे मासे."

"असतील. मला वास येत नाही."

"तेच म्हणतोय आम्ही," दुसरा म्हणाला, "वास येतच नाहीये." आणि दोघे-तिघे हसले, सुटका झाल्यासारखे, आणि एकाने ताट उचलायला हातही घातला.

तो थांबला. आता सोडून देता आलं असतं. गैरसमज आयता पायाशी येऊन पडला होता; अंडी उकडली असती, मासे गेले असते, मामा कधीकधी विक्षिप्त वागतात असं झालं असतं, आणि उद्या मावशी आल्या असत्या. तिला वाटलं, तो सोडून देईल. तिला वाटलं, त्याने सोडून द्यावं. हे तिला नंतरही स्वतःपासून लपवता आलं नाही.

"माशांना नाही," तो म्हणाला. "मला. मला कशाचाच वास येत नाही. थंडीपासून."

पंखा घरघरत राहिला. ताट उचललेल्या माणसाने ते हळूच खाली ठेवलं.  मग त्यातला सगळ्यात मोठा, सर्दीने नाक लाल झालेला, म्हणाला की मग कालची पेज, परवाचं सूप, ते सगळं... आणि पुढे बोलला नाही, कारण ते सगळं चांगलं झालं होतं. पण त्याने मामांकडे बघितलं ते निराळंच बघितलं. ती ते बघणं विसरू शकली नाही. त्यात राग नव्हता, भीती होती, जिन्यावर अंधारात पायरी समजून पाय टाकावा आणि ती नसावी तशी.

मासे खरोखर खराब होते की नाही, ते कुणालाच कळलं नाही. अंडी उशिरा वर गेली, वॉर्डांतून दोनदा विचारणा आली, आणि मग व्यवस्थापकांनी त्याला बोलावून घेतलं. ती बाहेरच्या बाकावर बसली. दार पुरतं लागत नव्हतं, पण आतलं बोलणं तुकड्यातुकड्यानेच येत होतं. व्यवस्थापक भला माणूस असावा; ओरडला नाही. इतके महिने, असं तो दोनदा म्हणाला. तिचा नवरा काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही, फक्त मध्ये एकदा "म्हणजे बघा" ऐकू आलं, आणि या वेळी तो कान्यासकट शब्द तिला परका वाटला नाही. बाहेर आल्यावर त्याने सांगितलं की उद्यापासून शेगडीकडे जायचं नाही. कोठीवर बसायचं, धान्य घ्यायचं-द्यायचं, आठवड्याची जेवणं ठरवायची. नाक परत आलं तर पुढचं पुढे. टोपी त्याने खिशात कोंबली होती आणि तिचं एक टोक बाहेर डोकावत होतं. ते आत सरकवावं असं तिला वाटलं, पण तिने हात लावला नाही.

भर दुपारी दोघं मिळून घरी चाललेत असं कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. उन्हात रस्ता ओळखीचा असून वेगळा दिसत होता. तिला माफी मागायची होती, पण नेमकी कशाची ते ठरवता येईना. कांद्याची, चपलेची, त्या नसलेल्या नर्सची, की मघाशी त्याने गप्प राहावं असं वाटलं त्याची. एका वळणावर तो म्हणाला, "इथे काय येतं आता?"

"काय येतं म्हणजे?"

"वास. सांग ना."

तिने श्वास घेतला. डांबर, ती म्हणाली, कुठेतरी रस्त्याचं काम चालू असेल. पुढे लाँड्रीच्या दारात गरम कापडाचा. मग एका गाडीचा धूर. मग काहीच नाही. काहीच नाही असं नसतं, तो म्हणाला, नीट बघ, इथे चांभाराचं दुकान आहे. ती थांबली, आणि खरंच, चिकटवण्याच्या लुकणाचा उग्र, गोड वास होता, आणि त्यामागे कातड्याचा. या रस्त्याने ती वर्षानुवर्षं गेली होती. तिने ते सांगितलं. तो हं म्हणाला. फुलवाल्याच्या टोपल्यांपाशी तिला सांगताच येईना. फुलांसारखा, म्हणाली, आणि त्याला पहिल्यांदा हसू आलं, थोडंसं, नाकातून. मग सगळा रस्ता असाच. ती हुंगायची, शब्द शोधायची, बहुतेक वेळा शब्द सापडायचा नाही, अमक्यासारखा, तमक्यासारखा. तो मध्ये बोलत नव्हता.

जिना चढून तिने कुलूप काढलं आणि दार आत ढकललं. पडदे ओढलेले होते, खोली सकाळी सोडली तशीच होती. तो उंबऱ्यातच थांबला.

"आणि आपलं घर?"

तिने आत तोंड करून श्वास घेतला. पुन्हा घेतला. तिथे वास होता, असणारच होता; येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो येत असणार. आपल्या घराचा वास आपल्यालाच का येत नाही, हा प्रश्न फोनवर कितीतरी वेळा आला होता आणि त्याचं नीट, सोपं उत्तर तिच्यापाशी होतं. ते तिने दिलं नाही.

"मला नाही येत," ती म्हणाली.

"मलाही नाही," तो म्हणाला, आणि दोघं आत गेले.